मागच्या सीटवरचं वजन

लेक शिकायला इंदूरला गेली, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि मला मोटरसायकलचं वेड लागलं. वेड हा बायकोचा शब्द. मी बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत गणित शिकवतो, पन्नाशी ओलांडलेली आहे, आणि आजवर स्कूटरशिवाय दुसरं काही चालवलेलं नाही. राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत स्कूटरच बरी. पण लांब जायचं, दोघांनीच जायचं, हिला मागे बसवून सातपुड्यात हिंडायचं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. रोज जेवण झालं की मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचो आणि ती भांडी आवरता आवरता म्हणायची, "झाली का तुमची शाळा सुरू?"

शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही साडेतीनशे सीसीच्या, दोन्ही क्रूझर. म्हणजे बसकी सीट, रुंद हँडल, पाय जरा पुढे टाकून निवांत चालवायच्या. टाकी जवळपास तेवढीच, वजन जवळपास तेवढंच, आवाजही तसाच, जड पायांनी कुणी जिना उतरावं तसा. मी वर्गात एकरूप त्रिकोण शिकवतो, पण या दोन गाड्यांत मला फरक सापडेना. एकीचे व्हिडिओ बघितले की ती घ्यावीशी वाटायची, दुसरीचे बघितले की दुसरी.

बायकोचा धाकटा भाऊ दापोऱ्याला केळीची शेती करतो. यातली काळी गाडी त्याच्याकडे होती, आणि त्याच्या एका मित्रानं नुकतीच दुसरी, मरून रंगाची घेतली होती. तो म्हणाला, "दाजी, व्हिडिओ बघून काय कळतं? रविवारी दोन्ही आणतो. असीरगडपर्यंत जाऊ. जाताना एक चालवा, येताना दुसरी. ताईला दोन्हीवर मागं बसवा. तिला कंबर आहे, तीच सांगेल."

हे मला पटलं. रस्ता तोच, चालवणारा तोच, मागे बसणारी तीच, फक्त गाडी वेगळी. याहून चोख परीक्षा कुठली?

रविवारी निघालो. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. मी काळी घेतली, ही मागे बसली, साला मरून गाडीवर आमच्या मागोमाग. पाठीवरची सॅक मी मुद्दाम पोटाकडे घेतली, हिला अडचण नको म्हणून. हिची पर्स आणि मोबाइल त्यातच. जाताना हिनं बऱ्याच गोष्टी सांगितल्या. खड्ड्यात दणका बसतो म्हणाली. धरायला मागे दांडी आहे ते बरं म्हणाली. चढावर गाडी जरा दमते असं मला वाटलं, आणि आरशात सारखा हिचा खांदा येत होता, ते मी मनात टिपून ठेवलं.

असीरगडच्या पायथ्याशी, रस्त्याला लागूनच, एका बाईंची चहाची टपरी आहे. तिथे थांबलो. चहा हातात येतो न येतो तोच साल्याचा मोबाइल वाजला. व्यापाऱ्याची गाडी केळी भरायला शेतात येऊन उभी राहिली होती, उद्या यायची ती आजच आली. तो काळी गाडी घेऊन लगेच निघाला. जाताना ओरडला, "मरून आरामात आणा, दाजी! संध्याकाळी फोन करतो."

आम्ही चहा संपवला. मी हेल्मेट घातलं, मरून गाडीवर बसलो, चालू केली. हिनं स्कार्फ बांधला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी खाली दबली, जरा हलली. खांद्यावरचा हात निघाला. मी विचारलं, "बसलीस?" तेवढ्यात शेजारून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मागून आवाज आला, "हो."

मी क्लच सोडला.

ती गाडी चालवताना मला जो आनंद झाला तो मी आज सांगायलाही धजत नाही. काय उचल होती! गिअर टाकला की गाडी पुढे झेपावायची. वळणावर कशी हलकी, कशी सरळ! खड्ड्यांतून गेलो तर दणका नाही. आरशात बघितलं तर मागचा रस्ता स्वच्छ, अगदी शेवटपर्यंत. आरसे बसवावेत तर असे, मला वाटलं. मी हेल्मेटमधूनच हिच्याशी बोलत होतो. "बघ, दणका बसला का? नाही ना? मी म्हणत नव्हतो?" वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, पण ती हं हं म्हणते आहे असं मी धरून चाललो होतो. एरवीही मी बोलतो तेव्हा ती हं हंच म्हणते. निंबोला गेलं, केळीच्या बागा सुरू झाल्या, आणि माझा निर्णय पक्का झाला. मरूनच घ्यायची. दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे एकाही व्हिडिओवाल्याला कसं कळलं नाही याचं मला नवल वाटत होतं.

गावाच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे. दुसऱ्याची गाडी, पेट्रोल भरून द्यावं म्हणून वळलो. गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि म्हणालो, "उतर जरा. आणि सांग, घरी जायचं की मावा जलेबी घेऊन जायचं?"

पंपावरच्या म्हाताऱ्या माणसानं हातातली नळी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "सर, किससे बात कर रहे हो?"

मी मागे वळलो. सीट रिकामी होती.

आधी काही वाटलंच नाही. मी सीटवर हात ठेवला. ती गार होती. बसलेल्या माणसाची सीट गरम असते, एवढा साधा विचार डोक्यात आला. ती पडली. वळणावर पडली. मी ज्या वळणांवर खूश होत होतो त्यातल्या एखाद्या वळणावर ती पडली आणि मी पुढे निघून आलो.

मी मोबाइल काढून तिला फोन लावला. माझ्या पोटावरच्या सॅकमध्ये तिचा मोबाइल थरथरायला लागला. मी तो बंदही केला नाही. तसाच थरथरत राहिला, आणि मी गाडी उलट्या दिशेला घातली. म्हातारा मागून ओरडला, "पेट्रोल, सर?"

परतीचा तो रस्ता मी कसा कापला मला नीट आठवत नाही. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो, रस्त्याच्या कडेला बघत होतो. कडेच्या गवतात काहीही रंगीत दिसलं की मी गाडी हळू करायचो. एका ठिकाणी फाटकी निळी पिशवी होती. तिचा स्कार्फ निळा होता. मी उतरून ती पिशवी हातात घेऊन बघितली. साल्याला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण काय सांगणार? तुझी बहीण माझ्याकडून रस्त्यात सांडली?

चढ सुरू होतो तिथे गर्दी दिसली. रस्त्याच्या कडेला माणसं गोल करून उभी, वाकून बघत होती. मी गाडी जवळजवळ टाकूनच दिली आणि धावलो. "बाई थी क्या? औरत है क्या कोई?"

"कौन औरत?" एक जण म्हणाला. "ट्रॉली पलटी है. ड्राइवर ठीक है."

कापसाची ट्रॉली उलटली होती. अर्ध्या रस्त्यावर पांढराशुभ्र कापूस पसरला होता आणि लोक तो ओढून बाजूला करत होते. त्यांनी सांगितलं तरी माझा विश्वास बसेना. ट्रॉलीखाली, त्या ढिगात, कुणी नसेलच कशावरून? मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागलो. शेजारून एका लेनमधून वाहनं सरकत होती, एक बस हॉर्न वाजवत गेली, कुणीतरी म्हणालं, "अरे भाईसाब, बोला ना, कोई नहीं है." शेवटी दोघांनी मला दंडाला धरून उठवलं.

टपरीपाशी पोचलो तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. चहावाल्या बाईंनी मला पाहिलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आप वही हो ना?" त्या म्हणाल्या.

"वो कहाँ है?"

"गई. बस से. बहुत देर बैठी रही बेचारी, आप लौटोगे करके. पैसे भी नहीं थे, मैंने दिए."

मी त्या बाकावर बसलो. ती जिवंत आहे, धड आहे, बसमध्ये आहे. बाईंनी पाणी दिलं. मग त्यांनी काय घडलं ते सांगितलं. हिनं एक पाय वर घेतला तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या बाजूचं पाय ठेवायचं फूटरेस्ट मिटलेलंच आहे. ते उघडायला ती खाली उतरली. आणि मला म्हणाली, "अहो, थांबा."

ट्रकच्या आवाजात मला त्यातलं एवढंच ऐकू आलं होतं. हो.

घरी पोचलो तर ती दाराच्या पायरीवर बसलेली. किल्लीही माझ्याच सॅकमध्ये होती. समोरच्या काकू तिच्याजवळ उभ्या होत्या, मला बघून त्या आत निघून गेल्या. मी गाडी लावली. ती माझ्या गुडघ्यांकडे बघत होती. पॅंटला कापूस चिकटला होता.

"बसमधून दिसलात मला," ती म्हणाली. "मी खिडकीतून किती ओरडले. ड्रायव्हर थांबेना, मागे गाड्या अडल्या होत्या. त्या कापसात काय शोधत होता?"

"तुला."

ती उठून बाजूला झाली. मी कुलूप उघडलं. आत गेल्यावर ती पाणी प्यायली, मलाही तिनं दिलं, आणि मग एकदम विचारलं, "पण कळलं कसं नाही हो? आधी मला हसूच आलं. म्हटलं, येतील आत्ता, त्या वळणावरून फिरतील. मग त्या बाईसुद्धा रस्त्याकडे बघायच्या थांबल्या. एवढं माणूस मागून गेलं, कळत नाही?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी तेव्हा काही सुचण्याच्या पलीकडे गेलो होतो. मी म्हणालो, "मला वाटलं, गाडीच चांगली आहे."

तिचा चेहरा जो झाला तो मला अजून दिसतो. राग नव्हता. कुणीतरी चारचौघांत तोंडावर पाणी मारावं आणि का मारलं ते कळू नये, तसा चेहरा. "म्हणजे मी उतरले," ती सावकाश म्हणाली, "आणि गाडी चांगली झाली."

संध्याकाळी कबूल केल्याप्रमाणे साल्याचा फोन आला. हिनंच उचलला आणि स्पीकरवर टाकला. "काय ताई, ठरलं का? कोणती बरी?"

आता सगळं दापोरा हसणार, अशी मी मनाची तयारी केली. ती म्हणाली, "ठरलं नाही अजून. परत एकदा चालवून बघावी लागेल."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तो हसला असता," ती म्हणाली. "मला अजून हसू येत नाही."

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो, तसंच, साल्यासकट दोन्ही गाड्या घेऊन. टपरीवर हिनं त्या बाईंचे पैसे दिले, घरची शेव दिली, आणि बाकावर बसत मला म्हणाली, "आधी तुम्ही एकटे फिरून या. दोन्हीवर." मी दोन्ही गाड्या त्याच घाटातून खाली नेल्या, वर आणल्या. काळीही झेपावत होती. काळीही वळणावर हलकी होती. काळीच्या आरशातही रस्ता शेवटपर्यंत दिसत होता. मग ती मागे बसली आणि दोन्ही गाड्या सारख्याच दमल्या.

"सारख्याच आहेत," मी म्हणालो.

"मला धरायला दांडी आहे ती घ्या," ती म्हणाली.

काळी घेतली. आता सुटीत आम्ही हिंडतो, असीरगडलाही दोनदा जाऊन आलो. निघायच्या आधी मी हात मागे नेतो, तिच्या गुडघ्याला लागला की मगच क्लच सोडतो. ती फक्त गुडघा जरा पुढे करते. घाबरणं मात्र अजून गेलेलं नाही. परवा एकटाच शाळेत निघालो होतो. शनवाऱ्याच्या चौकात, ऐन गर्दीत, हात सवयीनं मागे गेला आणि काहीच लागलं नाही. मी करकचून ब्रेक दाबला. मागचा ऑटोवाला आदळता आदळता वाचला आणि ओरडला, "क्या हुआ, सर? कुछ गिर गया क्या?"

मी रिकाम्या सीटवर हात ठेवला आणि म्हणालो, "नहीं. वो घर पे है."