आईचे तीन कोनाडे

अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही सव्वीस वर्षं राहिलो. त्या सव्वीस वर्षांत आमच्या घरात भिंतीला एकच खिळा मारला गेला. तो मी मारला होता, आणि तो तासभरही टिकला नाही.

बाबा पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा किंवा पितळेचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी साचा करावा लागतो. तो साचा करणाऱ्यांपैकी ते एक. केसभराचा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. साताऱ्याकडून तरुणपणी नोकरीसाठी आलेले, बोलायला कमी, आणि क्वार्टरच्या बाबतीत फार कडक. भिंत आपली नाही, आपण ती वापरायला घेतलीय, तिला भोक पाडायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आजूबाजूच्या क्वार्टरांत लोकांनी खुंट्या ठोकल्या होत्या, फळ्या लावल्या होत्या, कुणी तर स्वयंपाकघरात कपाट चिणून घेतलं होतं. आमच्या दोन खोल्या पहिल्या दिवशी होत्या तशाच राहिल्या.

आई बदलापूर गावातली. शेतकऱ्याचं घर, मातीच्या हातभर जाड भिंती. त्या घरी दिवाळीत कोनाड्यांत पणत्या लागायच्या, नागपंचमीला भिंतीवर गेरूने नाग काढायचे, श्रावणात देवाजवळ जिवतीचा कागद चिकटवायचा, घरात नवी सून आली की दाराशेजारी तिच्या हळदीच्या हाताचा ठसा उमटवायचा. तिथली भिंत वर्षभर काही ना काही अंगावर घेऊन असायची. तिथून आई आली ती पिवळा डिस्टेंपर दिलेल्या गुळगुळीत, रिकाम्या खोल्यांत.

सण मात्र तिने एकही सोडला नाही, आणि बाबांनीही तिला कधी अडवलं नाही. ते फक्त खिळ्याशिवायची सोय करून द्यायचे. दसऱ्याच्या तोरणासाठी त्यांनी चौकटीच्या रुंदीची काठी केली होती, दोन्ही टोकांना पाचर बसवलेली. ती नुसत्या दाबावर घट्ट बसायची. जिवतीच्या कागदासाठी फळी, नागासाठी दुसरी फळी, गौरीच्या आरासीसाठी घडी होणारी चौकट, जिच्यात एकही खिळा नव्हता. गुढी खिडकीच्या गजाला बांधायची. सण झाला की हे सगळं कॉटखालच्या ट्रंकेत जायचं आणि भिंत पुन्हा कोरी व्हायची.

मी नऊ वर्षांची असताना शाळेत कंदील केला. मला तो माझ्या उशाशी लटकवायचा होता. दुपारी आई पाणी भरत होती, बाबा पहिल्या पाळीवरून यायचे होते. मी बत्त्याने खिळा ठोकला. बाबा आले, त्यांनी वर पाहिलं. ते रागावले नाहीत. पकडीने खिळा काढला, वाटीत चुना कालवला, त्यात पिवळी पूड चिमटी चिमटीने घालत रंग जुळवला आणि वाटी मला धरायला लावली. भोक बुजल्यावरही ते त्या जागेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिले, हे मला आज आठवतं. तेव्हा मला वाटलं, राग गिळतायत.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, पोरीचा कंदील होता, चार दिवस राहू द्यायचा होता. बाबा म्हणाले, आपलं घर झालं की तिथे मार म्हणावं हवे तेवढे. आईने त्यावर कधीतरी एक कोनाडाही करू, असं म्हटलं. बाबांनी मान हलवली. त्यानंतर कोनाड्याचा विषय दर दिवाळीला निघायचा आणि दर दिवाळीला तेच उत्तर असायचं.

बाबा रिटायर झाले तेव्हा बदलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. क्वार्टर ताब्यात घ्यायला कारखान्याची दोन माणसं आली. त्यांच्या हातात यादी होती: काचा, कड्या, नळ, भिंती. एकाने भिंतीवरून हात फिरवला आणि हसत विचारलं, तुम्ही इथे राहत होतात ना नक्की? बाबांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला आहे. खाली उतरताना त्यांनी ते टेम्पोवाल्याला सांगितलं, मग सामान चढवणाऱ्यांना सांगितलं.

बाबा टेम्पोत पुढे बसले. आई आणि मी मागून रिक्षाने. तिच्या मांडीवर देवांचा डबा होता. अंबरनाथ मागे पडलं तशी ती रडायला लागली. मला वाटलं, शेजारणी सोडून आली म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती म्हणाली, "सव्वीस वर्षं झाली. तू तिथे जन्मलीस. आणि तिथे आपली एक खूण नाही गं कुठे."

मी लग्न होऊन उल्हासनगरला गेले होते, त्या दिवशी मदतीला म्हणून आले होते. आईचं ते बोलणं मला दोन दिवस सुटलं नाही. आठवड्याने मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नव्या घरात पडद्यांचे दांडे बसवायचे होते. त्यासाठी माणूस बोलावला, तेव्हा बाबा खाली जाऊन सोसायटीच्या बाकावर बसले, ड्रिलचा आवाज थांबेपर्यंत. त्यानंतरच्या रविवारी ते आईला म्हणाले, चल, तुझ्या माहेरी जाऊन येऊ, मला कोनाडे बघायचेत.

मीही गेले. गावातलं ते घर अजून उभं होतं, पण थोडेच दिवस. आईची वहिनी तिथे राहत होती. मुलांनी इमारत बांधायचं ठरवलं होतं. ओटीवरच्या भिंतीत तीन कोनाडे शिल्लक होते. बाबांनी टेप काढली, डायरी काढली, आणि साच्याचं माप घ्यावं तसं प्रत्येकाचं माप घेतलं. तिन्हींचं माप वेगळं निघालं. एक जरा तिरका, एक वर निमुळता, एक इतका खाली की बाबांना गुडघे टेकावे लागले. त्यांनी आईला सांगितलं, मी तिन्ही एका रेषेत घेतो, एका मापाचे करतो, नीट दिसतील.

आई खालच्या कोनाड्यात हात घालून उभी होती. "नको," ती म्हणाली. "हा आमचा पोरांचा होता. हात पोचायला हवा म्हणून आबांनी खाली केला. वरचा आईच्या मिसरीच्या डबीचा. मधला दिव्याचा. जसे आहेत तसेच करा."

बाबांनी डायरीत काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

फ्लॅटची भिंत चार इंचांची, तिच्यात कोनाडा खोदणं शक्यच नव्हतं. बाबांनी ठरवलं की भिंतीपुढे लाकडाची दुसरी भिंत उभी करायची, वीतभर खोल, जमिनीवर टेकलेली. लाकडासाठी ते उल्हासनगरला माझ्याकडे आले, मी त्यांना ओळखीच्या दुकानात नेलं. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. बाबांचं चित्र बघून त्याने मोबाइल पुढे केला. "काका, आजकाल सगळ्यांना वाडा थीमच पाहिजे. दिवाळीच्या आधी तर लाइन लागते. कमान, जाळी, सगळं मशीनवर काढून देतो, आतून एलईडी. दो दिन में." फोटो सुंदर होते. पेशवाई थाटाचे खांब, कमानी, समया, सगळं छापल्यासारखं सारखं. बाबांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, हे माझ्या मिसेसचं माहेर आहे, थीम नाही. दुकानदाराने फोन खिशात ठेवला. मागे गेला आणि जुन्या सागाच्या फळ्या स्वतः उचलून आणल्या. फाळणीनंतर इथे आल्यावर मिळालेल्या आमच्या बॅरेकच्या दाराच्या आहेत, म्हणाला, आजोबांनी लावलेल्या, पडून होत्या, घेऊन जा.

बाबा तीन महिने काम करत होते. खोलीत करवतीचा भुसा, रंध्याच्या ढलप्या असा पसारा असायचा. सांगाडा उभा राहिल्यावर त्यावर जाळी ठोकली आणि आईने माहेरहून बादलीभर माती आणली. तीत भाताचं तूस कालवून तिने ती हाताने थापली. बाबांना थापीने सपाट करायची होती. आईने थापी त्यांच्या हातात दिलीच नाही. वाळल्यावर वरून चुन्याचा हात मारला. तेव्हा तिला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. मी म्हटलं, मी थापते, तू बस. ती बसली नाही.

त्या वर्षी वसुबारसेला मधल्या कोनाड्यात दिवा लागला. आईने दार लावून घेतलं, ट्यूबलाइट बंद केली आणि जमिनीवर पाय दुमडून बसली. आम्ही बाकी दोघं सोफ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर बाबा ओल्या फडक्याने कोनाड्याचा वरचा भाग पुसत होते. आई न्हाणीघरातून आली. काय करताय, तिने विचारलं. बाबा म्हणाले, काजळी धरलीय, आत्ताच पुसली तर निघेल, मग नाही निघणार.

आईने त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. त्यांच्या हातातून काही काढून घेताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. आवाज चढला नव्हता.

"निघू नये म्हणूनच दिवा लावलाय. या घरात तरी माझी खूण राहू द्या."

बाबा रिकाम्या हाताने उभे राहिले. मग "बरं" म्हणाले.

त्यानंतर आईला चार दिवाळ्या मिळाल्या. खालच्या कोनाड्यात तिने माझ्या मुलीच्या बांगड्या, रंगाच्या पेन्सिली असं काय काय ठेवलं. दरवर्षी नागपंचमीला ती थेट चुन्यावर गेरूने नाग काढायची, आधीच्या वर्षीचा तसाच ठेवून, त्याच्या शेजारी. चौथ्या नागाची शेपटी वाकडी आहे, तेव्हा तिची बोटं सुजायला लागली होती. मूत्रपिंडाचं दुखणं. पाचव्या श्रावणात ती गेली. जिवतीचा कागद आणून ठेवला होता, तो लावायचा राहिला.

वर्षभर सण करायचे नव्हते आणि बाबांनी ते काटेकोरपणे पाळलं. दिवाळीत समोरच्या बिल्डिंगवर माळा लागल्या, आमच्या गॅलरीत काळोख. मी पाडव्याला दुपारी त्यांच्याकडे गेले. दुखवट्याच्या घरी फराळ करत नाहीत, म्हणून शेजारणीने ताट पाठवलं होतं. ते तसंच झाकून ठेवलेलं होतं. बाबा कोनाड्यांसमोरच्या खुर्चीत बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी ते बोलायला लागले.

ते सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील साताऱ्याकडच्या एका गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. दसऱ्याला वडिलांनी तोरणासाठी दारावर खिळा मारला आणि भिंतीचा पोपडा परातीएवढा खाली आला. मालकाने त्याच दिवशी सामान रस्त्यावर टाकलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. त्यांची आई चिखलातून देव वेचत होती आणि वडील मालकाच्या दारात हात जोडून उभे होते. बाबांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. कारखान्यात दिवसभर हातोडी चालवली, पण घरच्या भिंतीकडे हातोडी नेली की तो मालक दारात उभा दिसायचा, असं ते म्हणाले.

मी इतकी वर्षं याला बाबांचा प्रामाणिकपणा म्हणत आले होते. लोकांना कौतुकाने सांगत आले होते.

मी विचारलं, "आईला कधी सांगितलंत?"

"नाही."

"का नाही, बाबा?"

"सांगितलं असतं तर तिने मग कधीच काही मागितलं नसतं. घरात एका माणसाला तरी भिंत आपली वाटावी, असं मला वाटायचं."

मला राग आला. तिला भिंत आपली वाटावी म्हणून तिला सव्वीस वर्षं नुसतं मागत ठेवायचं, हा कुठला हिशोब, असं ओठांवर आलं. पण त्यांचा चेहरा पाहून ते मी गिळलं. आईला हे कळलं असतं तर रिक्षात ती रडली असती का, की तिला ते न सांगताच कळलं होतं, मला माहीत नाही. विचारायला आता कुणी नाही.

मी चहा ठेवला. ताटावरचं झाकण काढून त्यांच्यापुढे धरलं. बाबांनी अनारसा उचलला, मोडून पाहिला. तो कडक होता. "पीठ मुरलं नाही," ते म्हणाले. हे वाक्य आईचं होतं, दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या अनारशाला ती ते म्हणायची. त्यांनी तो चहात बुडवून सगळा खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.