मामांची थप्पड हटाव मोहीम

जुन्या सिनेमांचा आमच्या हिच्या मामांइतका राग अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात कुणी केला नसेल, आणि त्यांच्याइतके जुने सिनेमे कुणी पाहिलेही नसतील. पावसला त्यांची हापूसची कलमं आहेत. ऐन हंगामात गडी झाडावर आणि मामा टीव्हीसमोर. नायिकेचा पदर ओढणारा नायक आला की आवाज बंद. जाड्या बाईची टिंगल झाली की आवाज बंद. काळ्या रंगावरचं गाणं लागलं की टीव्हीच बंद, मग आतून मामी विचारतात, "लाइट गेली काय ओ?" गंमत म्हणजे या असभ्यपणाचा निषेध मामा ज्या शब्दांत करतात, ते मला इथे लिहिता येत नाहीत. पुतणीच्या हळदीत बाईला 'माल' म्हणणारं गाणं लागलं, तर यांनी स्पीकरची वायरच उपटली आणि मुठीत धरून बसले. शेवटी तडजोड म्हणून आरत्या लावल्या. मामांची सख्खी बहीण आरत्यांवरही नाचली, तो भाग वेगळा.

पण त्यांचा खरा दात एकाच सिनेमावर. मामांचे वडील मुंबईत एका शेटकडे घरगडी होते. त्या काळी आमच्याकडचे कितीतरी बाप्ये तेच करायचे, आणि सिनेमावाल्यांना ती फुकटची करमणूक होती. रत्नागिरीचा गडी म्हणजे वेंधळा, घाबरट, हेल काढून बोलणारा. आला की हसायचं. एकदा गड्याचं काम करणारा नट आलाच नाही, म्हणून शेटनी ओळखीतल्या सिनेमावाल्याकडे यांनाच धाडलं. वडील चहाचा ट्रे घेऊन येतात, ट्रे पडतो, नायक थोबाडीत देतो, वडील म्हणतात, "चुकी झाली, सायेब." एवढंच काम. मामांनी ते रत्नागिरीच्या थेटरात आईच्या मांडीवर बसून पाहिलं. सगळं थेटर हसलं, आणि हसणारे आपल्याच मुलखातले होते, याची आग त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. पुढे वर्षभरात वडील मुंबईतच वारले. भिंतीवर फोटो आहे, पण त्यांचा आवाज म्हणाल तर तेवढाच, त्या थपडेच्या पाठचा.

सिनेमा टीव्हीवर लागला की मामा हातातलं काम टाकून येत. ट्रे दिसला की उभे राहत, थप्पड बसली की शिव्या घालत, आणि लगेच चॅनेलला फोन. "गरिबाला मारून हसवताय, ती थप्पड काढा." वर्षानुवर्षं हेच. आम्ही हसायचो, पण त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही ओटीवर आंबे पेंढ्यात भरत होतो. सिनेमा लागला. मामा उभे राहिले. पडद्यावर ट्रे यायचा ते दार उघडलं, आणि एकदम बागेतलं गाणंच सुरू झालं. मामा गाणं संपेपर्यंत तसेच उभे. मग फोन लावला. पलीकडची मुलगी बिचारी गोड बोलत होती. आक्षेपार्ह म्हणून तो प्रसंग काढलाय, आणि तोही काका, तुमच्याच तक्रारीवरून.

या वेळी मामांनी एकही शिवी दिली नाही. म्हणाले, "बाय माझे, मी थप्पड काढा म्हटलं होतं. माणूस काढा कधी म्हटलं?"

मला विचाराल तर ही शुद्ध लबाडी आहे. मारणारा नायक अख्ख्या सिनेमात शाबूत, त्याची गाणी शाबूत, बंगला शाबूत. मार खाणारा तेवढा गेला, आणि म्हणे पाप धुतलं! अरे, आधी दोन ओळींत सांगा की हे वाईट होतं, आणि दाखवा. पण नाही, कात्री चालवणं सोपं.

आता माझा मुलगा जुनी प्रत कुठे मिळते का ते शोधतोय. मामा टीव्हीसमोर बसतात, पण पदर ओढला तरी आवाज बंद करत नाहीत. परवा निघताना माझ्या पिशवीत आंबे घालता घालता हळूच म्हणाले, "पोराला सांग, मिळाला तर मारासकट आण. चालेल."