बॉनेट उघडलं की

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ती मागच्या सीटवर बसली, मी किल्ली फिरवली आणि आमची म्हातारी गाडी नुसतीच घरघरत राहिली. इंजिन जोमात फिरत होतं, पण सुरू होत नव्हतं. मी बॉनेट उघडलं मात्र, आवतण धाडल्यासारखी अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये जमली.

"बॅटरी गेली," तळमजल्यावरचे काका म्हणाले. "अहो, बॅटरी गेली असती तर इंजिन फिरलं असतं का?" मी वाद घातला. "धक्का मारू या," म्हणत दुसरे बाह्या सरसावून तयार!

मला फक्त घटकाभर शांतता हवी होती. अशा गाडीत किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप बारीकसा घूं करतो. तो बोलला नाही, तर इंजिनापर्यंत पेट्रोलच पोचत नाही. पण या कालव्यात ऐकायचं कसं? आपल्याकडे गाडी बंद पडो की माणूस, निदान आधी आणि विचारपूस नंतर. वडील आजारी होते तेव्हाही उशाशी हीच गर्दी होती. कुणी पित्त म्हणायचं, कुणी दृष्ट. कुठे दुखतंय ते वडिलांना सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.

"गप्प बसा सगळे!" मी ओरडलो. सगळे गप्प झाले. मी किल्ली अर्धी फिरवली. काहीच आवाज आला नाही.

"सीटखाली रोज घूं होतं, ते आज झालंच नाही," मागून आई म्हणाली. "कधीची सांगतेय. पण तू भांडत होतास."