दादाची न जाणारी वीज

दादाने अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये ते यंत्र उभं केलं, तेव्हा मी पोट धरून हसले होते. मोटर जड चाक फिरवणार, चाक जनरेटर फिरवणार, आणि जनरेटरची वीज परत त्याच मोटरला. वरून घरालाही पुरणार म्हणे! मोबाइलवर कोण्या टिकोजीरावाने दाखवलं, आणि भिलाईच्या प्लांटमध्ये फिटर म्हणून उभा जन्म घालवलेला माझा भाऊ भुलला. मी त्याच प्लांटच्या मोटर दुरुस्तीतून रिटायर झालेली. "अरे दादा, घातलं तेवढंही परत येत नाही. बेअरिंग खाते, पट्टा खाते, तार गरम होते. तुले काय उरंन, घंटा?" तो नुसता हसायचा.

खरं तर त्याला वीज फुकट नको होती, न जाणारी हवी होती. वहिनीची फुप्फुसं निकामी होत चालली होती. दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला. उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळला, घरचा इन्व्हर्टरही संपला, आणि दादाने तिला तडफडताना पाहिलं. तेव्हापासून हे खूळ.

एका दुपारी तो सुपेल्यात माझ्या घरी आला, घामाघूम. "चाल लवकर. मेन स्विच बंद केला, तरी चालून राहिली!"

मला चेवच आला. "बस आधी," म्हटलं. चहा टाकला. जड चाक एकदा फिरवलं की साठलेल्या वेगावर दोन-चार मिनिटं फिरतंच, तेवढ्यात तू पाहिलं आणि पळत आला, हे त्याला चांगलं खडसावून सांगितलं. त्याने वाद घातला, मी दुप्पट घातला. वीसेक मिनिटं माझं तोंड चालू होतं. मजा येत होती मला, खोटं कावून सांगू? शेवटी सहज विचारलं, "लोड काय लावला त्याच्यावर?"

"तिची ऑक्सिजनची मशीन. इन्व्हर्टरवरून काढून लावली."

हातातला कप तसाच टाकला आणि त्याच्या स्कूटरवर बसले.

शेडमधलं चाक थांबलेलं होतं. घरात वहिनी मेन स्विचखाली भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडलेले. स्विचवर दादाचं लाल कार्ड लटकत होतं. प्लांटचा नियम आहे, कामाआधी सप्लाय तोडून आपलं कार्ड लावायचं आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. नाहीतर तिकडे तारेत हात घातलेला माणूस मरतो. दादा घरचा पंखा खोलतानाही कार्ड लावायचा. स्विच वहिनीच्या हाताशी होता. मी कार्ड ओढून फेकलं, स्विच वर केला. शेडमधली मोटर सुरू झाली, मागोमाग तिची मशीनही.

तिचा श्वास ताळ्यावर यायला बराच वेळ गेला. मग माझा ताबा सुटला. "वहिनी, काढून फेकायचं ना ते मेलं कार्ड!"

"डोळा लागला होता बाई माझा," ती थांबत थांबत म्हणाली. "ते गेले, हे मले माहीतच नव्हतं. शेडमधी असतीन म्हटलं. त्याइचा हात तारेत असला असता, तर?"

दादा दारातच खाली बसला.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. तुझा आवाज असा काय येऊन राहिला, तिने आईला विचारलं.

"लाईट गेली होती, माय," वहिनी म्हणाली.

आम्ही दोघं बहीणभाऊ समोरच होतो. एकानेही मान वर केली नाही.