मनगटावरचा रंग

त्याने माझं मनगट धरलं. विचारलं नाही, काही नाही. मंडईत दुधी उचलून बघावा तसं उचललं आणि सरांना दाखवलं.

"इतके काळे नकोत. हिच्यापेक्षा दोन शेड उजळ करा."

सर म्हणाले, "हो हो, करू की."

मनगटावर ओला रंग होता. आम्ही चित्रांच्या नकला करणारे कातडीचा रंग कालवला की आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघतो, मग कॅनव्हासवर. त्या दिवशी मी चित्रातल्या, मेणा वाहणाऱ्या भोयांचा रंग लावला होता. तो माझ्या कातडीत असा मिसळला होता, की रंग कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. त्या माणसाच्या बोटाला तो लागला. त्याने बोट पुसायला फडकं मागितलं. मीच दिलं.

सरांचा स्टुडिओ नारायण पेठेत. इंग्रजांच्या काळातल्या चित्रांच्या हुबेहूब नकला आम्ही हाताने रंगवायचो. दरबार, तह, शिकारी, छावण्या. गावाबाहेर काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि आमचा धंदा वाढला. इमारत कालची, पण रिसेप्शनला भिंतीवर दोनशे वर्षांपूर्वीचं काहीतरी पाहिजेच. मी कामाला लागले तेव्हा सरांनी माझी चित्रं बघायच्या आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अस्सं," म्हणाले. पुण्यात त्या एका 'अस्सं'मध्ये सगळं येतं.

पण हात चांगला होता, म्हणून ठेवलं. पहिल्याच दिवशी बजावलं, "आपण आरसा. आरशाला मत नसतं."

मनगट धरणाऱ्याची हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनी होती. त्याने निवडलेलं चित्र मी आधीही रंगवलं होतं. एका गोऱ्या साहेबाचा मेणा, खाली चार भोई. शेजारी साहेबाचा कुत्रा. कुत्र्याचे डोळे कसे पाणीदार, जिवंत. भोयांना डोळेच नाहीत. माना खाली, तोंडाच्या जागी तपकिरी डाग. मूळ चित्रकाराने कुत्र्यावर मेहनत घेतली होती.

"आणि जरा हसरे करा त्यांना," तो जाता जाता म्हणाला. "आमच्याकडे फॉरेनचे क्लायंट येतात. हेरिटेज फील पाहिजे, डिप्रेसिंग नको."

आरशाला मत नसतं म्हणणारे सर याला मात्र मान डोलवत होते. गिऱ्हाईक बोललं की आरशालाही मत फुटतं.

संध्याकाळी चित्राचं प्रिंट घेऊन मी कात्रजला घरी आले. माझे बाबा मार्केट यार्डात हमाल. यवतमाळकडून पोटासाठी आलेले. उजव्या खांद्यावर हा एवढा घट्टा. त्यांनी जेवता जेवता प्रिंट ओढून घेतलं, बराच वेळ बघितलं.

"वझं उचलणारा कधी तरी खाली ठेवतेच ना माय," ते म्हणाले. "हा चित्रवाला त्याच्या आंधीच घरी गेला असन."

आणि भाकरीचा तुकडा मोडून जेवायला लागले.

माझा घास हातातच राहिला. इतक्या वेळा मी तो मेणा रंगवला होता. चौकटी आखून, एकेक चौकट मोजूनमापून. म्हणजे इतक्या वेळा मीच त्या चौघांच्या खांद्यावर तो चढवला होता. ते खाली ठेवू शकतात हे मला एकदाही सुचलं नव्हतं. राग आला. त्या माणसाचा, सरांचा, आणि सगळ्यात जास्त त्या फडक्याचा.

सर त्या आठवड्यात दुसऱ्या ऑर्डरीच्या मागे होते. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मी रंगवत राहिले.

तो हिंजवडीवाला बघायला आला तेव्हा सर त्याच्यासोबतच होते. मी चित्रावरचं कापड काढलं.

मेणा जमिनीवर टेकलेला. साहेब आत, पडद्यातून बाहेर डोकावणारा. चौघे भोई ताठ उभे. एक जण खांदा चोळतोय, खांद्यावर घट्टा. चौघांना डोळे, आणि चौघेही समोर बघतायत. रंग माझ्या मनगटाचा. अर्धी शेडही उजळ नाही. कुत्रा होता तसाच ठेवला. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं.

"हे काय? मेणा खाली का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "दमले म्हणून."

"अहो, मूळ चित्रात असं नाहीये."

"मूळ चित्रात ते हसतही नाहीत."

सरांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "शेवटी जातीवर गेलीसच. उचल तो मेणा. आत्ताच्या आत्ता. दुरुस्त कर."

खोटं कशाला सांगू, घरात माझ्या कामाचा आधार होता. तरी मी ब्रश सरांच्या हातात दिला.

"तुम्ही उचला."

ते ब्रश धरून उभे राहिले. मी जिना उतरले.

आता घरीच काम करते. नकलाच करते, तेच माझं काम आहे. दरबार मागा, तह मागा, छावणी मागा. मेणाही मागा, पण तो जमिनीवरच मिळेल. पुष्कळ जण परत जातात. जाऊ देत.

कातडीचा रंग अजून मनगटावरच लावून बघते. उजळ करा म्हणणारे अजून येतात. मी मनगट पुढे करून दाखवते, लांबूनच.

हात लावू देत नाही.