काकांचा ओला स्पंज

काका गेल्याचा फोन सकाळी आला, तेव्हा मी सभेच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. ते माझ्या बाबांचे मित्र, प्रताप नगरात त्यांचा एका खोलीचा छापखाना. त्यांच्याकडच्या वाया गेलेल्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली. 'आई'च्या आधी पोरीनं 'अन्याय' वाचला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. थोडं खोटं होतं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

अंगठ्याला थुंकी लावून कागद सुटे करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या कानाखाली गाठ आली. धंतोलीतल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला. मग किरणोपचार, आणि तोंड कायमचं कोरडं. "घे! जिंदगीभर थुंकीवर छापखाना चालवला, आता टाकीच आटली न वं," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी टेबलावर पितळी वाटी आली, वाटीत ओला स्पंज.

मला मात्र आकडा हवा होता. "किती वर्षं? सरळ सांगा," मी डॉक्टरबाईंना तावातावाने विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "टक्केवारी पुष्कळ रुग्णांची मिळून असते, तिच्यातून एका माणसाचं भविष्य निघत नाही. यांची गाठ हळू वाढणारी आहे. पण ती पाच काय, दहा वर्षांनीही परत येऊ शकते. तपासणी सोडू नका." मी त्यातलं 'पाच वर्षं' तेवढंच ऐकलं.

पाच वर्षं सरली त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं, 'कॅन्सरवर संपूर्ण विजय!', आणि ते छापायला काकांच्याच हातात दिलं. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली होती. हसू अर्धंच उमटायचं. तसंच अर्धं हसत त्यांनी लाल पेन उचललं.

"काहून वं, पुढच्या महिन्यात मले छातीचा फोटो काढाले जायचं आहे, ते काय तुह्या विजयाची मिरवणूक आहे? हे वाचून एखाद्यानं तपासणी सोडली त?"

"पण काका, लोकांना धीर..."

"धीर दे न! खोटं काहून देऊन राहिली?"

'संपूर्ण विजय' खोडून त्यांनी लिहिलं, 'तब्येत मजेत. तपासणी चालू आहे.' मी दोन दिवस ते पत्रक पिशवीतच ठेवलं. तिसऱ्या दिवशी तेच छापून घेतलं.

सातव्या वर्षी फुप्फुसात ठिपके दिसले. मी रडले. काका बाटलीतलं पाणी घोटघोट पीत म्हणाले, "पाहय, तुह्यं पत्रक निघालं असतं त आज दुरुस्तीचं पत्रक काढा लागलं असतं!" ठिपके सावकाश वाढले. मधल्या दोन वर्षांत त्यांनी नातीची लग्नपत्रिका छापली, झणझणीत सावजी रश्शाला रीतसर राजीनामा दिला आणि माझ्या प्रत्येक उद्गारचिन्हाशी भांडले. शेवटच्या महिन्यातही फायलीत पुढच्या तपासणीची चिठ्ठी टाचलेली होती...

आता छापखाना मी उघडते. पहिल्या दिवशी स्पंज वाळून कडक झाला होता. आज कानाखालच्या न दुखणाऱ्या गाठीबद्दलचं पत्रक आहे. एकही उद्गारचिन्ह नाही. आधी वाटीत पाणी घातलं. माझ्या तोंडाला लाळ भरपूर आहे, तरी अंगठा स्पंजावरच जातो.