डावे काकांकडे, उजवे आमच्याकडे

जळगावला कॉलेजात आम्हाला एकेका उद्योगाचा इतिहास वर्गासमोर सांगायचा होता. कुणी मोटारींची कंपनी घेतली, कुणी मोबाइलची. सावद्याच्या एका मुलाने केळीचा व्यापार घेतला. मी बुटांची एक जर्मन कंपनी घेतली. सरांनी विचारलं, "बूटच का?" आमच्या घरी तीन पिढ्यांचा तोच धंदा आहे, हे सांगायला जीभ रेटली नाही. "सोपं वाटलं, सर," एवढंच म्हणाले.

खरं तर सोपं नव्हतं. इंग्रजीतलं वाचताना मला वेळ लागतो. एक परिच्छेद वाचायचा, मनात मराठीत आणायचा, मग पुढे जायचं. पण ही गोष्ट मी सोडू शकले नाही.

जर्मनीतल्या एका लहान गावात दोन भाऊ होते. वडील बुटांच्या कारखान्यात कामगार, आई लोकांचे कपडे धुवायची. पहिलं महायुद्ध संपल्यावर धाकट्याने आईच्या कपडे धुण्याच्या खोलीत बूट शिवायला सुरुवात केली. चामडं मिळत नव्हतं, म्हणून सैन्याच्या टाकाऊ सामानातले पट्टे आणि पिशव्या उसवून वापरल्या. वीज नसली की सायकलसारखे पायडल मारून यंत्र फिरवायचं. नंतर थोरला येऊन मिळाला. धाकटा बनवायचा, थोरला विकायचा. त्यांचे बूट घालून धावणारे शर्यती जिंकू लागले. मग दुसरं महायुद्ध झालं आणि त्यात कधीतरी दोघांचं बिनसलं. कशावरून, ते आजही कुणी खात्रीने सांगत नाही. भावांनी कारखाना वाटून घेतला, कामगारांनी आपापली बाजू निवडली. एकाच गावात, नदीच्या दोन काठांवर, दोन कंपन्या उभ्या राहिल्या. असं म्हणतात की त्या गावात माणसं बोलण्याआधी खाली बघायची, समोरच्याच्या पायात कोणाचे बूट आहेत ते. दोघे भाऊ मेल्यावर एकाच दफनभूमीत पुरले गेले, पण दोन टोकांना.

हे वाचून झालं तेव्हा मी होस्टेलच्या जिन्यात बसले होते. मला दोंडाईचा आठवलं. आमचं दुकान आठवलं, आणि दुकानाच्या मधोमध उभा केलेला पत्रा.

माझे वडील आणि काका. पत्र्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. बिनसलं तेव्हा मी अगदी लहान होते. कारण पप्पांना विचारलं तर ते म्हणतात, "तुझ्या काकाला विचार." काकांना विचारलं तर ते म्हणतात, "तुझ्या बापाला चांगलं माहीत आहे." दोन्हीकडे आता रेडिमेड चपला आणि बूट मिळतात, आग्र्याहून येणारे. शिवत कुणीच नाही. बाहेरचा ओटा मात्र एकच राहिला आणि त्यावर आजोबा, आमचे आबा, बसलेले असतात. पत्रा जिथे ओट्याला टेकतो, बरोबर तिथे.

त्या शनिवारी मी गाडीने घरी गेले. काकांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि तोवर मी राहणार होते. आमच्या घरी पत्रिका आबांच्या हातूनच आली होती. मी ओट्यावर आबांशेजारी बसले. साखरेमुळे त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं होतं आणि पाय सुजून पसरट झाला होता. कुठलाच तयार बूट त्यात जात नव्हता. ते रबरी चप्पल एका बाजूने कापून, चिंधीने बांधून वापरायचे.

"काय शिकी राहिनी तठे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना जर्मन भावांची गोष्ट सांगितली. धुण्याची खोली, सायकल, नदी, सगळं. सांगताना आवाज हळू ठेवला, कारण पत्र्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. आबा मन लावून ऐकत होते. पायडलवर यंत्र चालायचं म्हटल्यावर म्हणाले, "हुशार पोऱ्या व्हता." गोष्ट संपली तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"त्यासना बाप कोठे व्हता?"

मी गोंधळले. "वडील होते की. कारखान्यात कामाला होते."

"तसं नही. भाऊ येगळा व्हयनात तवय बापनी काय करं?"

"पुस्तकात त्यांचं फार काही नाही, आबा. मला माहीत नाही."

आबांनी रस्त्याकडे नजर वळवली. मग म्हणाले, "मन्हंबी कोठे लिखेल नही."

आणि त्यांनी मला कलबुतांची गोष्ट सांगितली. कलबूत म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर चामडं ओढून जोडा शिवतात. आबांच्या वडिलांपासूनचे कलबूत घरात होते, लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत, डावे आणि उजवे. आमच्या माळ्यावर एक पोतं आहे आणि त्यातले सगळे कलबूत उजवे आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मला वाटायचं, डावे कधीतरी किडून गेले असतील.

ते किडले नव्हते. ते काकांच्या माळ्यावर होते.

वाटणीच्या दिवशी भाऊबंद जमले होते. शिलाई मशीन एकाला, ऐरण दुसऱ्याला, असं चाललं होतं. कलबूत मात्र आबांनी स्वतः वाटले. एका पोत्यात सगळे डावे भरले, दुसऱ्यात सगळे उजवे. एक जण हसून म्हणाला, "आबा, चुकनात तुमी. जोड्या फोडी टाक्यात." आबा म्हणाले, "नही चुकनू. तसंच राहू द्या." त्यांच्या मनात असं होतं की प्रत्येक जोड्यासाठी एका पोराला दुसऱ्याकडे जावं लागेल. उजवा शिवून झाला की डाव्यासाठी पत्रा वाजवावाच लागेल. दिवसातून एकदा तरी एकमेकांचं तोंड बघतील. महिना, दोन महिने, मग पत्रा आपोआप निघेल.

"मंग?"

"मंग काय. यानी वाट पाही, तो येईन. त्यानी वाट पाही, हाऊ येईन." आबा कोरडं हसले. "दोन्हीसनी शिवनंच सोडी दिधं. पत्रा वाजाडाले लागू नही म्हनीसन."

रेडिमेड माल तसाही येतच होता. वाटणी सरळ झाली असती तरी दोघांचं शिवणं कदाचित बंद पडलं असतं. मी तसं म्हणून पाहिलं. आबा म्हणाले, "पडतंबी. पन ते मन्हा हाते पडनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवीच गोष्ट काढली. लग्नात ते चिंधी बांधलेल्या चपलेने जाणार नव्हते. नातीच्या लग्नात त्यांना जोडा हवा होता, शिवलेला. त्यांनी ट्रंकेतून जपून ठेवलेलं एक चामडं काढलं आणि मधोमध कापलं. अर्धं पप्पांपुढे टाकलं.

"मन्हा उजवा पायना तू कर."

"आणि डावा?" पप्पांनी विचारलं.

"डावा तुनाकडे शे का? नही ना? मंग तू कसाले इचारस?"

तसंच उरलेलं अर्धं घेऊन ते पलीकडे गेले. मी त्यांच्या मागोमाग ओट्यापर्यंत आले आणि म्हणाले, "आबा, माप, तळ, काय विचारायचं असेल तर मी इकडून तिकडे सांगत जाईन."

ते एकदम करड्या आवाजात म्हणाले, "तू मधी पडू नको. तूच निरोप लई गयी तं त्या दोन्ही कसाले येतीन?"

म्हणून मी मधे पडले नाही.

पप्पांना शिवताना मी जवळजवळ पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पोतं खाली काढलं, एक कलबूत निवडला, कपड्याने पुसला, आणि बराच वेळ नुसता हातात धरून बसले. मग आबांचा पाय मांडीवर घेतला, कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. आई गमतीने म्हणाली, "अहो, जमतं का अजून?" ते म्हणाले, "सायकल कोणी विसरतं का?" पण पहिला टाका त्यांनी दोनदा उसवला.

तेवढ्यात पलीकडून हातोडीचा आवाज आला. पप्पांचा हात थांबला. मग त्यांनी हातोडी उचलली. पत्रा दोन्हीकडून थरथरत होता. एक थांबला की दुसरा थांबायचा, एक सुरू झाला की दुसराही. बाहेर ओट्यावर आबा पत्र्याला पाठ लावून बसले होते. त्या आवाजात त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, आता कुणीतरी नुसतं विचारेल, "तळाला किती थर घेतोस रे?" पत्र्यातून ऐकू गेलं असतं. एवढंच विचारायचं होतं.

कुणी विचारलं नाही.

लग्नाच्या सकाळी दोन्ही जोडे ओट्यावर आले. दोन्ही इतके सुंदर होते की मला आनंदाने काहीतरी मोठ्याने बोलावंसं वाटलं. चामडं एकच, रंग एक, टाकेही सारखेच, कारण दोघांना शिकवणारा हात एकच. आबांनी आधी उजवा घातला, मग डावा, आणि उभे राहिले.

डावा उंच होता. पप्पांनी आबांचा पाय जड होऊ नये म्हणून तळ पातळ, हलका ठेवला होता. काकांनी बोट कापलेल्या पायाला खडे बोचू नयेत म्हणून आत मऊ रबराचा जाड थर घातला होता. दोघांनीही आबांचाच विचार केला होता. एक पाय खोलात, एक वर.

आबा काठी घेऊन मांडवाकडे निघाले. नेहमीपेक्षा जास्त लंगडत होते. वाटेत एक नातेवाईक म्हणाला, "आबा, वय झालं आता. गाडीत बसायचं ना." आबा म्हणाले, "जोडा नवा शे. नवा जोडा चालीसनच पडस अंगवळनी."

मांडवात पप्पा एका बाजूला उभे होते, काका दुसऱ्या बाजूला पाहुण्यांना बसवत होते. आबा मधल्या वाटेने आले. मी पप्पांकडे पाहिलं, त्यांची नजर खाली, आबांच्या पायांवर होती. मी काकांकडे पाहिलं. तेही खालीच बघत होते. दोघांनाही पहिल्याच पावलाला कळलं असणार. त्यांच्यात फार तर एका खाटेएवढं अंतर होतं. वधूचा मामा मधे आला, अक्षता वाटायला लागला, आणि दोघे दोन दिशांना वळले.

रात्री घरी पप्पा म्हणाले, "डाव्याचा थर जाड झाला. त्याला म्हणावं, थोडा कापून काढ."

सकाळी काका ओट्यावर आबांना म्हणाले, "उजवा पातळ आहे. त्याला म्हणा, एक थर चढव."

आबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. "पाह्य. दोन्हीसले बराबर माहीत शे." ते हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

जळगावला परत आल्यावर माझी पाळी आली. मी फळ्याजवळ उभी राहून दोन भावांचा इतिहास सांगितला, धुण्याच्या खोलीपासून दफनभूमीपर्यंत. शेवटी जामनेरची एक मैत्रीण उठली आणि म्हणाली, "पण नुकसान कोणाचं झालं? एका कंपनीच्या दोन झाल्या. दोन्ही जगभर गेल्या. भांडण फायद्याचंच ठरलं ना?" वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर दे."

धंद्याच्या हिशेबाने तिचं बरोबर होतं. मला त्यांच्या वडिलांबद्दल बोलायचं होतं, ज्यांच्याविषयी मला कुठे काही सापडलं नव्हतं. दोन पोरांचे बूट जगभर चालत असताना एखाद्या बापाने कोणाचे घातले असते, आणि दुसऱ्याच्या दारावरून जाताना काय केलं असतं, असं काहीतरी. पण ते वाक्य माझ्या मनातही नीट जुळत नव्हतं. "मला माहीत नाही, सर," मी म्हणाले आणि खाली बसले.

संध्याकाळी घरी फोन केला. आईने तो ओट्यावर आबांकडे नेऊन दिला. मागे रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. हातोडीचा आवाज नव्हता.

"पास व्हयनी का?" त्यांनी विचारलं.

"हो, बहुतेक. आबा, जोडा दुरुस्त केला का कुणी?"

"करतीन. वाट पाही राहिनात एकमेकासनी."

"मग तुम्ही घालता का तो?"

"घालस ना," आबा म्हणाले. "ओटावर बठेल राहस तवय घालस."